हर्बल लिव्हर टॉनिक: सात महिन्यांनंतर

चैत्रातल्या एका दुपारी माझ्या सहा कोंबड्या पाण्यावाचून मेल्या. टाकी भरलेली होती, पण पाइपाला लावलेले, चोचीने दाबून पाणी प्यायचे निपल तुंबले होते. खोलून पाहिले तर आत टॉनिकचा काळपट, काकवीसारखा चिकट थर.

सिन्नरजवळ माझे कावेरी जातीच्या कोंबड्यांचे २०० पक्षी आहेत. दिवाळीत टॉनिक सुरू केलं. शंभर पक्ष्यांना रोज १० मिली, लिटरची बाटली ४८० रुपयांना, पन्नास दिवस पुरते. महिन्याभरात रोजची अंडी ७८ वरून १०२ वर गेली आणि मी चार जणांना बाटली घ्यायला लावली. त्याची आता चुटपुट लागते, कारण त्याच आठवड्यात शेडमध्ये बल्बही लावला होता. थंडीत दिवस लहान होतो आणि अंड्यावरच्या कोंबडीला सोळा तास उजेड लागतो. माघात मधे जाळी मारून शंभर-शंभर पक्षी वेगळे केले, दोन्हीकडे वेगळी टाकी. एकीकडे टॉनिक, दुसरीकडे साधं पाणी. पाच आठवडे वही ठेवली. फरक रोज एक-दोन अंड्यांचा, तोही कधी इकडे तर कधी तिकडे.

निपल मात्र टॉनिकच्या बाजूचेच तुंबले. गोड काढा पाण्यात गेला की पाइपात बुळबुळीत थर धरतो, उन्हाळ्यात तर फार लवकर. बाटलीवर नुसतं ‘पाण्यातून द्या’. दुकानदार म्हणाला, निपल हलके असतील. निपल दोन्हीकडे एकाच खोक्यातले! द्यायचंच असेल तर सकाळी उघड्या भांड्यात, तीन-चार तासांत संपेल एवढंच द्या. लाइनीत गेलंच तर साध्या पाण्याने धुऊन प्रत्येक निपल बोटाने दाबून बघा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक.

झाडपाल्यावरचा माझा विश्वास गेलेला नाही. बांधावरच्या शेवग्याचा पाला सावलीत वाळवून रोजच्या २२ किलो खाद्यात अर्धा किलो घालतो. अंडी वाढली नाहीत, पण तीन आठवड्यांत बलक गर्द पिवळा झाला आणि गिऱ्हाईक मुद्दाम तीच अंडी मागतं. खर्च फक्त पाला ओरबाडण्याच्या मेहनतीचा.

आणि टॉनिकच्या भरवशावर मानमोडीची लस चुकवू नका. लासोटा, म्हणजे हीच लस, पाण्यातून देता त्या दिवशी त्यात टॉनिक नको, क्लोरीनही नको.

अर्धी बाटली शिल्लक आहे. पैसे मोजलेत म्हणून घमेल्यातून संपवतोय. दुसरी आणणार नाही.