जुनी येझदी चालू करायची की विकायची

वाड्यातल्या जिन्याखाली येझदी, जावा नाहीतर राजदूत अशी जुनी मोटरसायकल धूळ खात उभी आहे अशी घरं नाशकात अजून बरीच आहेत, आणि वाडा पाडून बिल्डिंग व्हायची वेळ आली की हा प्रश्न येतोच. आमच्याकडे वडिलांची येझदी रोडकिंग होती. भाऊ म्हणत होता विकून टाकू, मी म्हणत होतो थांब जरा. दोन्ही बाजू बघून झाल्यात म्हणून लिहितोय, तुमचं गणित वेगळं असू शकतं.

पैशाचं आधीच सांगतो. नुसता पैसा बघितला तर विकणं परवडतं. क्रँक, बोअर, क्रोम, पेंट, वायरिंग असं एकेक करत बिल चढत जातं आणि घातलेलं सगळं वसूल होईल असं धरून चालू नका. जावा 2018 ला आणि येझदी 2022 ला परत बाजारात आल्यापासून जुन्या गाड्यांना विचारणारे वाढलेत हे खरं, पण नवीन येझदीचे पार्ट जुनीला बसत नाहीत, आणि म्हैसूरची फॅक्टरी 1996 लाच बंद झाली, त्यामुळे जुना स्टॉक शोधा नाहीतर डुप्लिकेट घ्या.

इंजिन जाम आहे म्हणून विकणारे मात्र घाई करतात असं मला वाटतं. आमचंही जामच होतं. मेकॅनिकने प्लग काढून भोकातून डिझेल आणि ऑइल ओतलं, तसंच मुरू दिलं, आणि मग टॉप गिअरला टाकून मागचं चाक हातानेच पुढे-मागे हलवत बसला, आधी नुसती चेन ताणायची आणि सुटायची, मग एकदा आतून कट्ट झालं आणि चाक वीतभर फिरलं. अशा गाडीला जोर लावून किक मारू नका, रिंग तुटते. क्रँकचे सील उभ्या गाडीत कडक होतात आणि मग टू-स्ट्रोक इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढून पांढरा धूर सोडतं, त्यामुळे उघडलंच आहे तर सील-बेअरिंग बदलूनच घ्या. बोअरिंग, वेल्डिंग, प्लेटिंगसाठी आपल्याला अंबड-सातपूरची एमआयडीसी जवळ आहे, बाहेरगावी पाठवायची गरज पडत नाही.

आता माझं ज्या गोष्टीने ठरलं ती. भावाच्या समाधानासाठी गिऱ्हाईकं बोलावली होती. एक जण आला, मोबाईलचा टॉर्च लावून चॅसी नंबर अंगठ्याने घासून बघितला, टाकी टकटक केली, भाव बोलला, आणि खिशातून गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म काढले. घडी घातलेले, बाकी सगळे कोरे, फक्त सहीच्या जागी पेन्सिलने फुल्या. म्हटलं गाडी वडिलांच्या नावावर आहे आणि वडील नाहीत. तर म्हणे, "मग त्यांची सही तुम्हीच करा ना दादा, कोण बघतंय." पुढच्याचीही तीच तऱ्हा. मला ते फार लागलं. वडिलांची सही मी खोटी मारायची, ती पण त्यांच्याच गाडीसाठी! शिवाय कोऱ्या फॉर्मवर गाडी गेली आणि नाव बदललंच नाही तर उद्या अपघात झाल्यावर आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक धरला जातो, सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये हे स्पष्ट केलंय.

सरळ मार्गाने जायचं तर आधी फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर करा, रेकॉर्ड जुन्या रजिस्टरातच असेल तर ऑनलाईन चढवून घ्या, मग 15 वर्षांनंतरचं रिन्यूअल, आणि त्यासाठी पेठ रोडला आरटीओत गाडी पासिंगला न्यावी लागते. म्हणजे इमानदारीत विकायची तरी ती चालू करावीच लागते! एवढं सगळं करून चालती गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची हे मला तरी पटेना. भाऊसुद्धा तिथेच गप्प झाला.

"व्हिंटेज आहे, कागद लागत नाहीत" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. 2021 च्या नियमात व्हिंटेज म्हणजे पहिल्या रजिस्ट्रेशनपासून 50 वर्षांच्या वरची गाडी, नवीन नोंदणीची फी 20,000, आणि ती रोजच्या वापराला चालत नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच. ऐंशीच्या दशकातली रोडकिंग त्यात अजून बसतच नाही. आणि पुढे बसवायची असेल तर चॅसी-इंजिनमध्ये बदल नको, म्हणून अलॉय व्हील, डिस्क ब्रेक असलं काही सुचवणाऱ्या गॅरेजपासून लांब राहा.

विका असं मी एकाच बाबतीत बिनधास्त सांगेन. गाडी नदीकाठच्या घरात होती आणि 2008 किंवा 2016 च्या पुरात गोदावरीतला दुतोंड्या मारुती बुडाला तेव्हा तीही पाण्याखाली होती, तर इंजिनात गाळ बसलेला असणार, त्यात पैसे ओतू नका. घरात चालवणारं कोणीच नसेल तरी विचार करा. बाकीच्यांनी निदान फॉर्म 31 तरी आत्ताच भरून टाका, ठेवायची असो वा विकायची, तो लागणारच आहे, आणि वारसदार जितके लांब पांगतील तितक्या सह्या गोळा करायला त्रास होतो. क्रोम आणि पेंट नंतर सवडीने करा, आमच्या टाकीवर अजून जुनाच रंग आहे.