स्वतःच्या सर्व्हरवर स्टॅटिक साइट: एनजिनएक्स की कॅडी?

एनजिनएक्स आणि कॅडी हे दोन्ही वेब सर्व्हर, म्हणजे ब्राउझरला साइटच्या फाइल पाठवणारे प्रोग्राम. स्टॅटिक साइट असेल, म्हणजे फक्त तयार एचटीएमएल, सीएसएस आणि चित्रं पाठवायची असतील, तर दोन्ही वेगाला पुरून उरतात. त्यामुळे वेगावरून निवड करू नका. खरा फरक आहे तो एचटीटीपीएसमध्ये, म्हणजे ब्राउझर आणि साइट यांच्यातल्या सुरक्षित जोडणीत.

कॅडीच्या कॉन्फिग फाइलमध्ये डोमेनचं नाव, फोल्डरचा पत्ता आणि ‘फाइल सर्व्हर’ची एक ओळ लिहिली की झालं. डोमेन सर्व्हरकडे वळवलेलं असेल आणि 80 व 443 हे पोर्ट (वेबची ये-जा होणारी सर्व्हरची दारं) उघडे असतील, तर एचटीटीपीएसला लागणारं प्रमाणपत्र कॅडी स्वतः मिळवतो, वेळेवर नूतनीकरणही करतो. एनजिनएक्सबरोबर हे काम सहसा सर्टबॉट या प्रमाणपत्र मिळवून देणाऱ्या वेगळ्या प्रोग्रामकडे सोपवतात. तेही उत्तम चालतं, पण नूतनीकरणाचा टायमर चालू आहे ना आणि नवं प्रमाणपत्र आल्यावर एनजिनएक्स रीलोड होतो ना, म्हणजे ते नव्याने वाचतो ना, हे आपल्यालाच पाहावं लागतं. साइट अचानक ‘असुरक्षित’ दिसू लागते ती बहुधा इथेच.

एनजिनएक्स 2004 पासून आहे. जवळपास प्रत्येक अडचणीचं उत्तर कुठेतरी लिहिलेलं सापडतं, हा त्याचा मोठा आधार. मात्र त्याचे काही नियम चकवतात: आतल्या लोकेशन ब्लॉकमध्ये (कॉन्फिगमधला, साइटच्या एखाद्या पत्त्यापुरता भाग) एक हेडर, म्हणजे उत्तरासोबत ब्राउझरला जाणारी सूचना, जोडलं की वरच्या पातळीवरची हेडर तिथे लागूच होत नाहीत. सुरक्षेची हेडर अशीच नकळत गळतात. रीलोडपूर्वी ‘एनजिनएक्स -टी’ चालवाच. पण ती आज्ञा कॉन्फिगचं व्याकरण तपासते, ही गळती दाखवत नाही.

एकट्याने सांभाळायची छोटी साइट असेल तर माझा कौल कॅडीला. सर्व्हरवर आधीच एनजिनएक्स नीट चालत असेल तर तो काढू नका, त्याच्याच कॉन्फिगमध्ये या साइटसाठी नवा ब्लॉक जोडा.