गावाची लोकसंख्या: २०११ ची जनगणना घ्यायची की मतदार यादी?

एका मैत्रिणीला छोट्या गावाच्या पाण्याचा आराखडा करायचाय आणि आकडा कुठला धरावा यात ती अडकलीय, म्हणून लिहितोय.

नवेपणात मतदार यादी पुढे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे हातात आहे तो १ मार्च २०११ चा आकडा, यादीत मात्र नावं जोडली जात राहतात. पण यादीत १८ च्या आतलं कुणीच नाही, शिवाय शहरात गेलेले, वारलेले लोकही कधीकधी तसेच राहून जातात.

तपशिलात जनगणनाच. घरं किती, ० ते ६ वयाची मुलं, साक्षर, अनुसूचित जाती-जमाती, काम करणारे, सगळं बायका-पुरुष वेगळं मिळतं (अर्थात तेव्हाची ती मुलं आता मतदार व्हायला लागलीत). आणि तिथे गाव म्हणजे महसुली गाव (जमिनीच्या सरकारी नोंदीतलं गाव), वाड्या त्यातच धरलेल्या, ग्रामपंचायतीत अशी दोन-तीन गावं असू शकतात, इथेच घोळ होतो.

साक्षरता, बायका-पुरुषांचं प्रमाण, जुन्या दशकाशी तुलना असलं काही असेल तर जनगणना घ्या. आज मोठी माणसं साधारण किती एवढंच हवं तर यादी. पाण्यासाठी मात्र दोन्हीवर थांबू नका, २०११ चा पाया धरा आणि घरोघरी जाऊन माणसं मोजा.