काटा दोनशेवर, दाब ऐंशीचा

पुण्याजवळच्या भोसरी, चिखली, कुदळवाडी, चाकण या पट्ट्यात जुनी डेअरी मशिनरी बघत फिरणाऱ्यांसाठी हे लिहितेय. त्यातही होमोजिनायझर, म्हणजे दुधातला स्निग्धांश फोडून एकजीव करणारं यंत्र, घेणाऱ्यांसाठी. टाकी किंवा बाटल्या भरायचं मशीन घेताना फसलात तर पैसे जातात. होमोजिनायझरमध्ये फसलात तर माणसाचा हात जाऊ शकतो, आणि तो बहुतेक वेळा मालकाचा नसतो.

मी आणि माझा दीर मिळून एक छोटं युनिट चालवतो. काचेच्या बाटलीतलं केशर-वेलची दूध, मसाला दूध, आणि उन्हाळ्यात मस्तानीवाल्यांना आइस्क्रीमचं मिक्स. या सगळ्याला होमोजिनायझर लागतोच. दुधातल्या स्निग्धांशाचे थेंब सरासरी तीन-चार मायक्रॉनचे असतात. गरम दूध दीडशे-दोनशे बार (बार हे दाबाचं माप) दाबानं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढ्या फटीतून काढलं की ते फुटून एक-दोन मायक्रॉनच्या आत येतात आणि मग साय वर जमत नाही. या यंत्राचं पेटंट ऑगस्त गॉलँ या फ्रेंच माणसानं १८९९ मध्ये घेतलं. त्यातही तीन दट्ट्यांचा पंपच होता, आणि तीन प्लंजरची ती मूळ रचना आजही तशीच आहे. म्हणूनच वीस-वीस वर्षं जुनी मशीनं रंग मारून ‘रिकंडिशन्ड’ म्हणून विकली जातात. चांगलं ठेवलेलं जुनं मशीन खरंच चालतं, आणि आमच्या व्यापाऱ्यानं नेमका त्याचाच फायदा घेतला.

सौदा तासाला हजार लिटर, दोनशे बार, दहा एचपीची मोटर असा होता. किंमत पावणेचार लाख, त्यातले निम्मे रोख. शेडमध्ये त्यानं मशीन चालवूनही दाखवलं. टाकीतलं थंड पाणी आत, तेच पाणी परत टाकीत. दाब वाढवायचं हँडव्हील आवळलं, दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा सरसर चढला आणि दोनशेवर थांबला. “बघा ताई, काटा हलतोय का? डोळे झाकून घ्या.” काटा हलत नव्हता हे खरं. इतका स्थिर काटा तीन प्लंजरच्या जुन्या मशीनवर का असावा, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. गेजच्या खालची बारीक चावी जवळपास बंद केली की कुठलाही काटा शहाण्यासारखा वागतो.

आमच्याकडे आल्यावर पहिल्याच मालापासून बाटलीच्या गळ्याशी सायीचं कडं दिसायला लागलं. व्यापाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, “ताई, म्हशीचं दूध आहे, साय येणारच.” हे उत्तर हुशारीचं होतं, कारण म्हशीच्या दुधात फॅट जास्त आणि थेंबही मोठे, हे अर्धं खरं आहे. तापमान वाढवून बघा म्हणाला. आम्ही साठवरून पासष्टवर गेलो, पण कडं जाईना. दाब वाढवू का म्हटलं, तर लगेच, “नको नको, दोनशेच्या वर नेऊ नका, भोसरीत व्होल्टेज कमी, मोटर जळेल.”

शेवटी दिरानं शेजारच्या गल्लीतल्या काकांना आणलं. मोठ्या डेअरीत मेंटेनन्समध्ये आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी गेजकडे बघितलंसुद्धा नाही. टाँग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती पकडून करंट मोजायचा चिमटा, काढून मोटरच्या एका फेजला लावला आणि मशीन ‘दोनशे’वर चालवायला सांगितलं. साडेपाच अँपिअर. ते हसले. मग कागदावर हिशोब मांडला, तो इथे देते, कारण एवढा एकच हिशोब सोबत असता तरी पुरलं असतं. तासाला किती लिटर, त्याला किती बारनं गुणायचं, छत्तीस हजारांनी भागायचं, उत्तर किलोवॅटमध्ये येतं. हजार गुणिले दोनशे भागिले ३६००० म्हणजे साधारण साडेपाच किलोवॅट, आणि घर्षणाची तूट धरून सव्वासहा. तीन फेजवर, ४१५ व्होल्टला एवढं काम करणारी मोटर बारा अँपिअरच्या आसपास ओढणार. ती साडेपाचच ओढत असेल तर दुधावर दोनशे बार पडतच नाहीत.

“पाणी कमी फेकत असेल,” दीर म्हणाला. काकांनी वीस लिटरची बादली लावली. तासाला हजार लिटर असेल तर बादली बहात्तर सेकंदांत भरायला हवी. भरली, जेमतेम दोन-तीन सेकंद उशिरा. म्हणजे पाणी तेवढं खरं होतं, खोटा होता तो दाब.

दुसरी खूण त्याहून सोपी. एवढ्या दाबानं फटीतून गेलेलं दूध गरम होतं, दर शंभर बारला साधारण अडीच अंश. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाइपवर एकाच वेळी थर्मामीटर धरायचा. दोनशेला पाच अंशांचा फरक हवा, आम्हाला दोनसुद्धा नीट मिळेनात. व्यापाऱ्याच्या शेडमधे पाणी फिरून त्याच टाकीत का जात होतं ते आता कळतं. टाकीच हळूहळू कोमट होत असताना असला फरक कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

गेज काढून एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत नेलं. खऱ्या ८० बारला काटा २०० दाखवत होता. आतली नळी १६० बारच्या गेजची, वर डायल ४०० ची चिकटवलेली. सरळ अडीचपट. मोटरचंही तेच. नेमप्लेट दहा एचपीची, पण काकांनी टेप लावून पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंत उंची मोजली तर ११२ मिलिमीटर. चार पोलची दहा एचपी, म्हणजे साडेसात किलोवॅटची मोटर १३२ च्या फ्रेमवर येते; फ्रेमचा आकडा म्हणजे हीच मिलिमीटरमधली उंची. ११२ वर येते ती पाच एचपी. नेमप्लेट बदलता येते, ओतीव बॉडीची उंची बदलत नाही. मोटर जळेल हे मात्र तो खरं बोलला होता.

इथपर्यंत मला वाटत होतं की कमी ताकदीचं मशीन जास्तीच्या भावानं गळ्यात मारलं, एवढंच. दीर म्हणाला, खरं गेज लावू, मोटर बदलू, खऱ्या दोनशेवर चालवू. काका म्हणाले, थांब. त्यांनी सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला. स्प्रिंगच्या मागे एक पोलादी चकती ठोकून बसवलेली होती. स्प्रिंगला हलायला जागाच नव्हती, म्हणजे कितीही दाब झाला तरी तो व्हॉल्व्ह उघडणारच नव्हता. हा पंप पुढची वाट बंद झाली म्हणून थांबणाऱ्यातला नाही. बाहेरचा कॉक चुकून बंद राहिला तर दाब वाढतच जातो, आणि शेवटी पाइप, गॅस्केट किंवा ब्लॉक यांपैकी जे कमजोर असेल ते फाटतं.

मग ब्लॉक. तीन प्लंजर ज्या स्टेनलेसच्या ठोकळ्यात चालतात तो. एका कोपऱ्यात चकाकी जरा जास्त होती. काकांनी डाय पेनिट्रंटचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी चीर दाखवणाऱ्या रंगाचे, डबे मागवले. आधी जागा स्वच्छ करून लाल द्रव मारायचा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा, पुसायचा आणि वरून पांढरा डेव्हलपर. तिसऱ्या प्लंजरच्या डिस्चार्ज बोअरपासून, म्हणजे दाबलेलं दूध बाहेर पडतं त्या भोकापासून, खाली बोटभर लाल रेघ उमटली. जुनी चीर वेल्डिंग करून बफ केलेली, आणि वेल्डच्या कडेनं पुन्हा उघडायला लागलेली. प्लंजरच्या प्रत्येक फेरीला या ठोकळ्यावर दाब चढतो नि उतरतो, तशात वेल्ड टिकत नाही.

तेव्हा सगळा डाव कळला. ब्लॉक दोनशे सोसणार नाही हे त्याला माहीत होतं. म्हणून गेज खोटं, म्हणून मोटर लहान, म्हणून ‘दोनशेच्या वर नेऊ नका’. सेफ्टी व्हॉल्व्ह बहुधा गळत असेल, म्हणून चकती. दुरुस्तीचे पैसे वाचवत वाचवत त्यानं बाँब तयार केला होता.

त्यानं आमच्या पोरांना दिलेलं ‘ट्रेनिंग’ही असंच. हँडव्हील आवळलेलंच ठेवून बटण दाबायचं, वेळ वाचतो म्हणे. काकांनी ते सगळं पुसून नव्यानं शिकवलं. दूध एकामागून एक अशा दोन फटींतून जातं, त्या दोन स्टेज; सुरू करताना दोन्ही स्टेजची व्हील पूर्ण ढिली. प्लंजरचं गार पाणी आधी चालू, नाहीतर प्लंजरभोवतीचं गळती रोखणारं पॅकिंग जळतं. फीड पंपानं दूध दाबून यायला हवं, आणि वाटेत गाळणी हवी. बाहेरचे कॉक हातानं तपासायचे. मोटर सुरू झाली की हवा निघून जाऊन आवाज एकसारखा होईपर्यंत थांबायचं. मग दुसरी स्टेज तीस-चाळीस बारपर्यंत, त्यानंतर पहिली हळूहळू हव्या त्या एकूण दाबापर्यंत. बंद करताना आधी व्हील ढिली, मग बटण. काटा थरथरायला लागला तर व्हील आणखी आवळायचं नाही. आत हवा जातेय किंवा व्हॉल्व्हची सीट झिजलीय, मशीन थांबवून बघायचं.

आणि गळती दिसली तर बोट लावून बघायचं नाही. ही आपल्याकडच्या सगळ्या पोरांची सवय. सात बारच्या आसपासची बारीक धारसुद्धा कातडीतून आत शिरू शकते, इथे तर त्याच्या पंचवीसपट दाब असतो. बाहेरून सुईच्या टोचीएवढा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि आत बोट सडायला लागतं. असं झालं तर मलम लावून घरी पाठवायचं नाही, थेट सर्जनकडे न्यायचं.

आता पैशाचं. व्यापारी म्हणाला, “चालू दाखवून दिलं होतं ना ताई? बिल वाचा.” बिलावर खाली बारीक अक्षरांत ‘जसं आहे तसं’ छापलेलं होतं, ‘रिकंडिशन्ड’ हा शब्द कुठेच नव्हता, मोटरची एचपी नव्हती, दाब नव्हता. पोलिसांनी अर्ज घेतला आणि प्रकरण दिवाणी असल्याचं सांगितलं. वकीलबाईंचं म्हणणं वेगळं पडलं. त्यांच्या मते, गेजची डायल बदलणं आणि मोटरवर खोटी नेमप्लेट ठोकणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालची फसवणूक आहे, बिलावरच्या एका ओळीनं ती झाकली जात नाही. ग्राहक आयोगात जायचं तर धंद्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या कायद्यात सहसा बसत नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर बसते. आम्ही दोघं स्वतः मशीनवर उभे राहतो, हे दाखवायचे कागद आमच्याकडे होते. नोटीस गेली, सोबत प्रयोगशाळेचा अहवाल आणि लाल रेघेचे फोटो. चेकनं दिलेले पैसे परत आले. रोख दिलेले आले नाहीत, त्यांचा कागदच नव्हता.

पैसे परत देताना त्यानं मशीन उचलून नेलं. मला ते पटलं नव्हतं, पण त्याशिवाय तो चेक सोडायला तयार नव्हता. टेम्पोत चढवण्याआधी काकांनी अक्षरांचे पंच घेऊन ब्लॉकवर ‘क्रॅक’ ठोकलं. बफिंग व्हील फिरवलं की तेही जाणार, हे त्यांनाही माहीत होतं. तेव्हा तीन प्लंजरचं, हजार लिटरचं, नवा रंग मारलेलं मशीन तुम्हाला कुणी दाखवलं, तर तिसऱ्या प्लंजरच्या बाजूला डिस्चार्जच्या खाली बघा. आणि तिथे लाल डाय मारू द्यायला तो का-कू करत असेल, तर ते आमचंच मशीन असण्याची शक्यता बरीच आहे.