मांगरातल्या स्मोकरचं धुराडं: पंखा गेला, थेंब राहिला

ड्रमचा स्मोकर, म्हणजे मासळी धुरावर शिजवायचं साधन, कसा करायचा ते सांगत बसत नाही. २०० लिटरचा ड्रम, खाली निखाऱ्यांची जाळी, वर बांगडे टांगायच्या सळया. सगळ्यांचा साधारण असाच असतो. माझा घरामागच्या मांगरात, म्हणजे खोपटात आहे. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, आणि एक खिडकी जी वाऱ्याच्या तोंडावर आहे. हा अनुभव फक्त धूर बाहेर काढण्याचा. खरं सांगायचं तर एका काळ्या थेंबाचा.

नोव्हेंबरात ऑनलाइन सहा इंची डक्ट फॅन (नळीत बसवून हवा ओढणारा पंखा) मागवला, २,३५० रुपये. अ‍ॅल्युमिनियमची घडीची नळी, वाटेत तीन कोपरे, आणि खिडकीतून बाहेर. पहिल्या महिन्यात मी त्याला पाच स्टार देऊन मोकळा झालो होतो. ते आता परत घेतो. तेव्हा मांगरात डोळे चुरचुरत नव्हते, तेवढ्यावर खूश होतो. बांगडा मात्र सुकटीसारखा कडक व्हायला लागला आणि मी दोष मासळीला देत राहिलो. डिसेंबरात थर्मामीटर लावला तेव्हा कळलं. पंखा एवढी हवा ओढायचा की धुमसायला ठेवलेली ढलपी भडकायची, आणि ७५ अंशांवर राहायचा ड्रम १२० च्या वर जायचा. रेग्युलेटर लावला तर मोटर नुसती गुणगुणायची.

शिमग्याला मुंबईची भावंडं घरी, सुरमईचे तुकडे सळयांना, आणि पंखा कण्हून बंद पडला. खोलून बघतो तर पात्यांवर फणसाच्या चिकासारखा काळा थर. बेअरिंग जाम. सर्व्हिसवाल्यांनी आधी फोटो मागवले, मग व्हिडिओ, मग बिल, मग पुन्हा फोटो. तीन आठवड्यांनी उत्तर: ‘हा पंखा वाफेसाठी आहे, धुरासाठी नाही.’ आणि खोक्यावर ‘धूर आणि वास बाहेर’ असं ठळक छापलेलं! यावरून मी फोनवर जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. पण आता राग उतरल्यावर कबूल करतो, मोटर धुराच्या वाटेत बसवणं हीच चूक. थंड पात्यावर धूर बसणारच.

पंखा बंद पडला त्याच दिवशी एक मूर्खपणाही केला. मासे फुकट जाऊ नयेत म्हणून पंखा बंद असताना तासभर आतच बसून राहिलो, वाऱ्याने ठिणगी उडू नये म्हणून दार ओढून घेतलेलं. डोकं जड, मळमळ. उन्हाने झालं असेल असं वाटलं. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना वास ना रंग, आणि धुमसतं लाकूड तो भरपूर सोडतं. आता दार सताड उघडं आणि भिंतीवर त्या वायूचा अलार्म. अलार्मला पैसे मोजले हे मला खटकत नाही, यावरून ओळखा.

एप्रिलमध्ये कुडाळच्या फॅब्रिकेटरकडून चार इंची, आठ फूट उंच, सरळसोट नळी करून घेतली. स्टील ३०४ नंबरचं, गंजाला जास्त टिकणारं; तो २०२ नंबरचं देत होता, स्वस्त पडेल म्हणाला. खाऱ्या वाऱ्यात पैसे वाचवायची ही जागा नव्हे, म्हणून नाही म्हटलं. एक कौल काढून तिथे पत्रा, त्यातून नळी. आमची नळी हाताला चटका बसेल इतकीही तापत नाही. तरी वाशापासून लांब ठेवली. जास्त तापणारी असती तर लाकडापासून दीड फूट सोडावं लागलं असतं. पंखा नाही, वीज नाही. गरम धूर आपोआप वर जातो, त्याला फक्त उंची आणि मोकळी वाट लागते. एक कोपरा म्हणजे दोन फूट उंची घालवणं, असा माझा अंदाज झालाय.

आणि मग थेंब.

पहिल्याच दिवशी बांगड्यावर टपकन काळा डाग. चाखला तर कडूजहर. कारण तेच: गरम धूर थंड नळीला लागला की डांबर होऊन खाली ओघळतं. माझा कंजूषपणा यात भर घालत होता. धूर फुकट जायला नको म्हणून मी धूर बाहेर सोडणारी वरची झडप अर्धी लावायचो. आईने तो बांगडा तोंडात घेतला आणि म्हणाली, ‘बाबा, ह्यो चुलीच्या काजळीसारखो लागता.’ झडप पूर्ण उघडी टाकली आणि हवा फक्त ड्रमच्या खालच्या भोकांनी कमीजास्त करू लागलो, तेव्हा कडवटपणा निम्म्याहून कमी झाला. कोंडलेला धूर मुरत नाही, आंबतो.

उरलेला थेंब गेला तो जोडांच्या उलटसुलटीने. फॅब्रिकेटरने वरची नळी खालच्या नळीवर बसवली होती, धूर वर जातो म्हणून. डांबर खाली येतं, त्यामुळे वरच्या नळीचं टोक खालच्या नळीच्या आत हवं, नाहीतर जोडातून बाहेर पाझरतं. ‘साहेब, आम्ही पंधरा वर्षं असंच बसवतो,’ तो म्हणाला. मी म्हटलं पंधरा वर्षांत कुणी बांगडे टांगले नसतील. शेवटी टी-जोड (तीन तोंडांचा) लावून नळी ड्रमच्या बाजूला सरकवली आणि टीच्या खालच्या तोंडाला चहाचा जुना डबा. डांबर डब्यात, धूर वर. त्यावर साडेतीनशे रुपये गेले, आणि अख्ख्या उद्योगात हेच सगळ्यात वसूल झाले.

पावसाळ्याने मात्र मत थोडं बदललं. जूनमध्ये नैऋत्येचा वारा सुटला की धूर नळीतून उलटा मांगरात. शेजारचे आबा कुंपणावरून ओरडले, ‘मांगर पेटलो की काय रे?’ चुलीच्या धुराड्यांचा हिशोब असा की नळी कौलातून निघते तिथून तीन फूट वर हवी, आणि दहा फुटांच्या आत जे काही असेल त्याच्या दोन फूट वर. माझी कौलांच्या आढ्यापेक्षा खाली होती. आणखी तीन फूट जोडली, वर पेंटच्या डब्याची टोपी ठेवली, तोंडापासून चार बोटं उंच. आता फक्त उधाणाच्या दिवशी धूर माघारी येतो. ट्रॉलरबंदीचे जून-जुलै कोंबडीच्या तंगड्यांवर काढले. करवंटीच्या धुरात त्या छान होतात. काजूची टरफलं मात्र टाकू नका, त्यांच्या तेलाने कातडी भाजते, तोच धूर खाण्याला लागणार.

स्टार द्यायचे तर पंख्याला एक, तोही खोक्याला. त्यात आईने आमसुलं भरली आहेत. नळीला साडेचार. अर्धा कापला कारण दर महिन्याला तारेचा ब्रश घेऊन कौलांवर चढावं लागतं आणि दोन कौलं फुटली. गणपतीत स्मोकर बंद, आईचा हुकूम आहे. तोवर डब्यात वाटीभर डांबर साठलंय. आबांनी ते कुंपणाच्या मेढींना लावायला मागितलंय, पण त्यांच्या मेढी बघता पाच-सहा पावसाळे तरी मासे भाजावे लागतील.