तिळाची वडी की कंदी पेढा: दातांच्या दृष्टीने

संक्रांतीला घरी येणाऱ्या मुलांच्या हातावर तिळाची वडी ठेवावी की साताऱ्याचा कंदी पेढा, असा प्रश्न शेजारच्या काकूंना पडला आहे, कारण नातवाची दाढ नुकतीच भरून घेतली आहे.

साखरेच्या बाबतीत दोघांत डावे-उजवे करता येत नाही. गूळ नैसर्गिक असला तरी त्यातही मुख्यतः साखरच असते आणि तोंडातील जिवाणू तिचे आम्लच करतात. खरा फरक चिकटपणात आहे. चिक्कीच्या गुळाची वडी दाढांच्या खाचांत रुतून बसते आणि लाळेने ती धुतली जाईपर्यंत आम्ल दाताचे कवच झिजवत राहते, तर खव्याचा पेढा तोंडात लवकर विरघळतो. वडी कडक झाली असेल, तर दाढेत भरलेले सिमेंट किंवा कॅप निखळण्याची भीतीही असतेच. पेढ्याला खर्च अधिक येतो आणि तो टिकतोही कमी.

तिळगूळ रथसप्तमीपर्यंत वाटला जातो, त्यामुळे येता-जाता तोंडात टाकण्याची सवय लागते. ती सवय, पदार्थ कोणताही असो, जेवणासोबत एकदाच खाण्यापेक्षा दातांना अधिक घातक असते.

दाढ भरलेल्यांना, तारा बसवलेल्या मुलांना आणि कवळी वापरणाऱ्या आजी-आजोबांना पेढाच द्यावा. ज्यांचे दात धड आहेत, त्यांनी तिळाचा मऊ लाडू जेवणानंतर खावा, खळखळून चूळ भरावी आणि रात्री फ्लोराइडच्या टूथपेस्टने दात घासावेत.