युट्रेख्त स्टेशनची सायकल पार्किंग आणि निळी-पिवळी ओव्ही-फीत्स: रोजच्या वापरातून

माझं घर नेदरलँड्समधल्या युट्रेख्त शहराच्या पूर्व भागात आणि नोकरी जवळच्या आमर्सफोर्टला. घरापासून स्टेशनपर्यंत स्वतःची सायकल, मग ट्रेन, आणि उतरल्यावर ऑफिसपर्यंत पुन्हा सायकल. गाडी घ्यायची गरज आम्हाला अजून पडलेली नाही. महाराष्ट्रातून इकडे नव्याने येणारी मंडळी घर, शाळा, तांदूळ कुठे मिळतो हे विचारून झाल्यावर हमखास विचारतात, "ट्रेनने जायचं तर सायकल ठेवता कुठे? चोरीला नाही जात?" म्हणून युट्रेख्त सेंट्राल या मुख्य स्टेशनखालची पार्किंग आणि ओव्ही-फीत्स ही रेल्वेची भाड्याची सायकल, दोन्हींबद्दल एकदाच सविस्तर लिहिते.

आधी पार्किंग. स्टेशनसमोरच्या चौकाच्या पोटात तीन मजल्यांवर 12,500 सायकली राहतात. पहिला भाग 2017 मध्ये उघडला, पूर्ण झाली 2019 च्या ऑगस्टमध्ये. जगातली सर्वांत मोठी सायकल पार्किंग म्हणून तिचे फोटो सगळीकडे फिरतात. पण रोज वापरणाऱ्याला आकड्याचं काही वाटत नाही, त्याला सकाळची मिनिटं महत्त्वाची. आणि तिथेच ही जागा जिंकते. सायकलवरून उतरायचंच नाही. रस्त्यावरून सरळ आत शिरायचं, दारात ट्रेन-बसचं प्रवासाचं कार्ड टेकवायचं आणि चालवत चालवत आपल्या मजल्यावर जायचं. चढ-उतार इतके सौम्य की मागे पोर बसलेलं असलं तरी दम लागत नाही. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी वर पाटी असते, त्या ओळीत किती जागा रिकाम्या आहेत ते आकड्यात दिसतं. शून्य असेल तर पुढे. आत जाऊन, शोधून, परत मागे फिरायची वेळ येत नाही. सायकल लावली की तिथूनच जिना वर, स्टेशनच्या हॉलमध्ये किंवा थेट फलाटाकडे.

पहिले 24 तास फुकट. त्यानंतर दर दिवसाला पैसे. म्हणजे रोज संध्याकाळी सायकल घेऊन घरी जाणाऱ्याला एक पैसाही पडत नाही. जागा रात्रंदिवस उघडी असते, माणसं कामावर असतात, आणि पंक्चर-चेनची कामं करणारं दुकान आतच आहे. चोरीचं विचाराल तर बाहेर खांबाला बांधलेल्या सायकलीपेक्षा इथे कितीतरी निर्धास्त. तरी कुलूप लावाच, ते इकडे सगळेच लावतात.

रॅक दोन मजली आहेत. वरच्या रॅकमध्ये सायकल कशी लावायची हे नव्या माणसाला कळत नाही, म्हणून नीट सांगते. मूठ धरून रूळ आपल्याकडे ओढायचा. तो बाहेर येतो आणि त्याचं टोक जमिनीकडे झुकतं. पुढचं चाक त्या पन्हळीत ठेवायचं, सायकल पुढे ढकलायची, मागचं चाकही पन्हळीत बसलं की खालून मूठ उचलायची. अर्धा भार यंत्रणाच उचलते. साध्या सायकलीला काहीच त्रास नाही. बॅटरीच्या सायकलीला मात्र आहे. पंचवीस किलोचं धूड वर चढवणं माझ्या सासूबाईंच्या वयाच्या बाईला जमणार नाही, आणि सकाळी आठनंतर खालच्या जागा लवकर भरतात. बॅटरीवाल्या सायकली इकडे इतक्या वाढल्या आहेत की खालच्या जागा ज्येष्ठांसाठी आणि गरोदर बायकांसाठी मोठ्या संख्येने राखून ठेवायला हव्यात, असं माझं ठाम मत आहे. पुढे पेटी असलेल्या लांब सायकलींसाठी वेगळी जागा आहे, ती मात्र चांगली रुंद.

आता मला खरं म्हणायचं आहे ते. इकडे आलेले आपले लोक हे सगळं बघतात आणि म्हणतात, "यांच्या रक्तातच सायकल आहे." हे ऐकलं की मला राहवत नाही. रक्तात काही नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर इथेही घरोघरी मोटारी आल्या, रस्ते रुंद झाले, सायकली कमी होत गेल्या. ज्या युट्रेख्तचं आपण कौतुक करतो, त्याच शहराने सत्तरच्या दशकात जुन्या वेशीभोवतीच्या कालव्याचा एक भाग बुजवून तिथे मोटाररस्ता केला होता. 1971 मध्ये नेदरलँड्समध्ये रस्त्यावर 3,000 हून जास्त माणसं मेली, त्यात 400 हून जास्त लहान मुलं होती. फिक लांगेनहोफ नावाच्या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी शाळेत जाताना अपघातात गेली. त्याने 1972 मध्ये 'दे तेइद' या दैनिकात लेख लिहिला, मथळा होता 'बालहत्या थांबवा'. त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आईबापांनी गल्ल्या अडवून मुलांना खेळायला मोकळ्या करून दिल्या. मार्त्ये फान पुटेन ही त्या वेळची तरुण आई चळवळीची पहिली अध्यक्ष झाली, पुढे ती युरोपच्या संसदेत गेली. 1973 च्या तेलटंचाईत रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा मोकळे रस्ते कसे दिसतात हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. 1975 मध्ये सायकलवाल्यांची संघटना निघाली, आजची फीत्सर्सबोंड. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये हजारोंनी लोक सायकली घेऊन रस्त्यावर उतरत. पालिकेने पट्टे आखले नाहीत तर कार्यकर्ते रात्री जाऊन स्वतः रंगवत.

आणि तो बुजवलेला कालवा? 2002 मध्ये युट्रेख्तच्या नागरिकांनी स्टेशन परिसराच्या आराखड्यावर मतदान केलं आणि पाणी परत आणणारा पर्याय निवडला. सप्टेंबर 2020 मध्ये कालव्याचं वर्तुळ पुन्हा पूर्ण झालं. मतदानापासून पाण्यापर्यंत अठरा वर्षं. ही पार्किंग त्याच स्टेशन परिसराच्या फेरबांधणीतली.

मी फीत्सर्सबोंडची सभासद आहे. त्यांच्या स्थानिक शाखा गावोगाव आहेत आणि त्यांचं काम मोर्च्यापेक्षा पट्टीने मोजण्याचं जास्त. सायकलमार्गावर फरशी नको, डांबर हवं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा आग्रह. कारण झाडांच्या मुळांनी फरश्या उचलल्या जातात आणि चाक हिसकतं. मोटारी आत शिरू नयेत म्हणून मार्गाच्या मधोमध ठोकलेले खांब काढा, हाही त्यांचाच लकडा. समोर सायकलस्वार असेल तर खांब शेवटच्या क्षणी दिसतो, आणि म्हातारं माणूस त्यावर आपटून पडलं तर कंबर मोडते. आता जिथे खांब ठेवणं भागच आहे तिथे आधी जमिनीवर खडबडीत पांढरी पट्टी असते, चाकाखाली खडखडली की कळतं.

एकदा सायकलमार्गाच्या कडेचा दगड बघा. आपल्याकडच्या फुटपाथसारखा उभा कापलेला नसतो, तिरका असतो. चाक घासलं तर वर चढून जातं, पॅडल आपटत नाही, माणूस पडत नाही. हा उतार आपोआप आलेला नाही. माणसं पडली, कुणीतरी ते नोंदवलं, कुणीतरी पालिकेच्या बैठकीत जागा दाखवून बोललं, आणि पुढच्या दुरुस्तीत दगड बदलला. पार्किंगमधली आकड्यांची पाटी, सौम्य चढ, जिन्याच्या कडेची चाकाची पन्हळ, यांतल्या प्रत्येक गोष्टीत मला एकेक ऐकून घेतलेली तक्रार दिसते.

आता भाड्याची सायकल. ओव्ही-फीत्स 2003 मध्ये सुरू झाली, 2008 पासून रेल्वे कंपनी एनएस ती चालवते. जवळजवळ प्रत्येक मोठ्या स्टेशनवर मिळते. भाडं 24 तासांच्या हिशेबाने. एका कार्डावर दोन सायकली घेता येतात. जिथून घेतली तिथेच परत करायची, दुसऱ्या स्टेशनवर सोडली तर दहा युरो जादा. सायकल दणकट, सीट पटकन खाली-वर होते, टायरमध्ये हवा असते. मी बऱ्याच भाड्याच्या सायकली चालवल्या आहेत, इतकी विश्वासाची दुसरी नाही.

बाबा सांगलीहून आले होते तेव्हा मी माझ्या कार्डावर त्यांना एक काढून दिली. बाबांनी उमेदीची सगळी वर्षं सायकलवर काढली आहेत. काळी, उंच दांड्याची. आमर्सफोर्टच्या जुन्या वेशीकडे जाताना पहिल्याच सिग्नलला ते गचकन थांबले.

"अगं, हिची चेन अडकली बघ."

"चेन नाही बाबा. तुम्ही पॅडल मागे फिरवलंत. हिला मागे फिरवलं की ब्रेक लागतो."

आपल्याकडे थांबताना पॅडल मागे फिरवून पाय ठेवायला वर घ्यायची सवय सगळ्यांना असते. ओव्ही-फीत्सला मागे फिरवणं म्हणजेच ब्रेक. त्यामुळे थांबण्याआधीच, चालत्या चाकावर, उजवं पॅडल वर येईल असं थांबायला शिकावं लागतं. बाबांनी स्टेशनसमोरच्या मोकळ्या जागेत चार चकरा मारल्या आणि मग दिवसभर माझ्या पुढे होते. संध्याकाळी जेवताना मुलाला सांगत होते, "मोटारवाला थांबतो रे. आपण निघेपर्यंत थांबतो." त्यांना पार्किंगपेक्षा तेच जास्त लक्षात राहिलं, आणि मला वाटतं त्यांनी नेमकी गोष्ट पकडली. इथल्या कायद्याने मोटार आणि सायकल यांची धडक झाली की नुकसानीची जबाबदारी बहुतेक वेळा मोटारवाल्यावर येते, आणि सायकलवर चौदा वर्षांखालचं मूल असेल तर जवळपास नेहमीच. ब्रेकवरचा पाय त्यानेही लवकर हलतो.

रोजच्या नोकरीसाठी मात्र ओव्ही-फीत्स घेऊ नका. महिन्याचा हिशेब केला तर महाग पडते, ऑफिस पैसे देणार असेल तर गोष्ट वेगळी. बहुतेक लोक पलीकडच्या स्टेशनवर एक जुनी सायकल ठेवून देतात. मीही तेच करते. ओव्ही-फीत्स दुसऱ्या गावच्या मीटिंगला, पाहुण्यांना फिरवायला, डेन बॉशला मैत्रिणीकडे जायला. आणि पर्यटकांनी एक लक्षात ठेवा, ही सायकल येणाऱ्या-जाणाऱ्याला काउंटरवर मिळत नाही, तिच्यासाठी स्वतःच्या नावाचं कार्ड आणि नोंदणी लागते. आठवड्यासाठी येणार असाल तर स्टेशनजवळच्या साध्या भाड्याच्या दुकानातून घ्या किंवा इथे राहणाऱ्या ओळखीच्याला कार्ड वापरायला सांगा. लहान मुलांच्या मापाची सायकल या सेवेत मिळत नाही. ती मिळायला हवी.

सगळं आलबेल आहे असंही समजू नका. 2023 मध्ये या देशात रस्त्यावर 684 माणसं गेली, त्यात 270 सायकलवर होती. मोटारीत बसून मेलेल्यांपेक्षा जास्त. त्यांतली बरीचशी वयस्कर, बॅटरीच्या सायकलीवरची. युट्रेख्तच्या मध्यातल्या फ्रेडेनबुर्गच्या सायकलमार्गावर सकाळी इतकी गर्दी असते की नव्या माणसाला धडकी भरते, आणि जाड टायरच्या बॅटरीवाल्या सायकली दामटणारी पोरं त्यात भर घालतात. माझा मुलगा शाळेच्या सायकल-परीक्षेत पास झाला, हात दाखवणं, मागे वळून पाहणं सगळं शिकला, तरी त्या रस्त्याने मी त्याला अजून एकटा सोडत नाही. अ‍ॅम्स्टरडॅमने 2019 मध्ये हलक्या स्कूटर सायकलमार्गावरून काढून रस्त्यावर पाठवल्या, तेही सायकलवाल्यांनी बरीच वर्षं पाठपुरावा केल्यावर. म्हणजे काम चालूच आहे.

पुण्यातल्या मैत्रिणी मला म्हणतात, "तुमचं बरं आहे." पुण्यातही 2017 मध्ये सायकल आराखडा मंजूर झाला, 800 किलोमीटरहून जास्त मार्गांचा. त्याच्या आधी वर्षभर पादचारी धोरण आलं. 'परिसर'सारखी संस्था कित्येक वर्षं यावर काम करते आहे. कागद आहेत, माणसंही आहेत. मी मैत्रिणींना एवढंच सांगते की "सायकल ट्रॅक नाहीत" अशी मोघम तक्रार कुठल्याही टेबलावर पडून राहते. त्याऐवजी आपल्या घरापासून मुलांच्या शाळेपर्यंतचा एकच रस्ता घ्या. ट्रॅक कुठे सुरू होतो, कुठे डीपीच्या खोक्याने अडतो, चौकात कुठे गायब होतो, कडेचा दगड किती इंच उंच आहे, ते फोटो आणि मापासकट लिहा. दहा घरांच्या सह्या घ्या. वॉर्डाच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागवतात तेव्हा द्या, आणि पुढच्या वर्षी तोच कागद घेऊन पुन्हा जा.

तर माझे गुण: पार्किंगला पाचपैकी साडेचार, अर्धा खालच्या रॅकपायी कापला. ओव्ही-फीत्सला चार. पहिल्यांदा येत असाल तर सकाळी साडेसातच्या आत या, खालची जागा मिळते. ट्रेन पश्चिमेकडच्या फलाटावरून असेल तर त्या बाजूच्या याअर्बर्सप्लाइन चौकातली दुसरी पार्किंग जवळ पडते. आणि आपली सायकल कुठल्या ओळीत आहे त्या पाटीचा फोटो काढून ठेवा, कारण संध्याकाळी तिथल्या निम्म्या सायकली काळ्याच असतात.